मामुली

त्या रविवारी दाजींनी गाडीची चार नोझल बदलली. किल्ली मी फिरवली. मंगळवारी त्यांची दोन बोटं काढली.

एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. यात आणखी एक गोष्ट आहे – ती मी कुणाला सांगितलेली नाही. अक्काला नाही, तिच्या मुलीला नाही, आणि दाजींना तर नाहीच. दाजी आता नाहीत. दीड महिना झाला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्याशी बोलताना मला त्यांचा हात समोर दिसणार नाही – असं वाटलं होतं. दिसतोच आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात इंग्रजी शिकवायला मी हैदराबादला आलो आणि नल्लकुंट्याला त्यांच्याकडे उतरलो. चार दिवसांसाठी. लग्न केलं नाही, वेगळी खोली घेतली नाही, आणि "कधी निघणार" असं त्या घरात मला कुणी विचारलं नाही. दाजींची शाळा उर्दूत झालेली. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू, पण लिहायचं झालं की उर्दू – किराणाची यादीसुद्धा. इंग्रजी येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "आपल्या घरात मास्तर आहे नं," म्हणायचे. कुठलाही इंग्रजी कागद आला की माझ्यापुढे. मी वाचून अर्थ सांगायचो, ते ऐकायचे, आणि मी सांगितलेलं कागदाच्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवायचे. बारीक, उजवीकडून डावीकडे. मला त्यातलं एक अक्षर कळत नसे.

हे समासाचं लक्षात ठेवा. मी त्याच्याकडेच येतो आहे – जरा हळू येतो आहे, इतकंच.

सनतनगरच्या एका कारखान्यात ते फिटर होते. नव्वदीनंतर कारखान्याला माणसं नकोशी झाली. स्वेच्छानिवृत्तीचं पत्र आलं, तेही मीच वाचलं. याला 'गोल्डन हँडशेक' म्हणतात, असं मी सांगितलं, तेव्हा दाजी हसले. "सोन्याचा हात देऊन हाकलायलेत म्हणा की," म्हणाले. तेव्हा माधापूरकडे काचेच्या इमारती उठत होत्या, आणि तिथल्या कंपन्यांना माणसं नेण्या-आणण्यासाठी गाड्या हव्या होत्या. कारखान्याने दिलेलं सगळं घालून दाजींनी एक जुनी डिझेल अँबॅसॅडर घेतली. एका कंपनीने सोमवारी गाडी दाखवायला बोलावलं. अट एकच – धूर नको. आमची गाडी धुराशिवाय गल्लीतून निघत नसे.

दाजींनी इंजिनाला कान लावला आणि नोझल गेली आहेत म्हणून सांगितलं. नोझल म्हणजे डिझेलचा बारीक फवारा इंजिनात सोडणारी तोटी. जुनी झाली की फवारा पडत नाही, ठिबकतं, आणि धूर होतो. राणीगंजहून त्यांनी चार नवी आणली. गॅरेजला द्यायची नव्हती. "माझे हात काय गहाण पडलेत का?" म्हणाले. मी आबिड्सच्या फुटपाथवरून त्या इंजिनाचं एक जुनं पुस्तक आणून दिलं होतं. इंग्रजीतलं, जाडजूड, तेलाच्या डागांचं. दाजींना त्याचा केवढा आनंद झाला होता.

तर रविवारी सकाळी अंगणात गाडीचं बॉनेट उघडं. मी पायरीवर. एका मांडीवर ते पुस्तक, दुसऱ्या मांडीवर माझी कादंबरी. जिथवर वाचली होती तिथे माझा अंगठा. मी पुस्तकातलं वाक्य वाचायचो, सांगायचो, दाजी हात पुसून यायचे, समासात लिहायचे, परत जायचे. ते परत गेले की मी कादंबरीत शिरायचो. कादंबरी चांगली होती – हे सांगायची गरज आहे का? नाही. पण तसं होतं.

जुनी चारही नोझल निघाली. नवी बसवण्याआधी त्यांचा फवारा पाहायचा होता. नोझल इंजिनाबाहेरच पाइपाला जोडायचं, तोंड बाहेर धरायचं, आणि कुणीतरी किल्ली फिरवायची. ते कसं करायचं हे पुस्तकात होतं. मी ते नीट सांगितलं. त्याच्या खाली काळ्या रेघांची एक चौकट होती. आठ ओळींची. दाजींचं बोट त्या चौकटीवर आलं.

"ह्याच्यात काय लिहिलंय, मास्तर? काळं काळं केलंय."

मी पहिला शब्द वाचला. 'सावधान' अशा अर्थाचा. बाकीच्या ओळींवरून नजर फिरवली – फिरवली म्हणजे काय, तिकडे वळवली – आणि म्हणालो, "काही नाही. नेहमीचंच. मामुली आहे."

आठ ओळी. वर्गात मुलांना मी सांगत असे, वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. त्या घरात माझ्याकडे काम तरी दुसरं कोणतं होतं? पाणी अक्का भरायची, बाजार दाजी करायचे. मी वाचायचो. एवढंच मी करायचो आणि तेवढंच मी केलं नाही.

दाजींनी समासात काहीतरी लिहिलं. छोटंसं, एक शब्दभर.

मग मी गाडीत बसलो. "हां, फिरवा," ते म्हणायचे, मी किल्ली फिरवायचो. तीन नोझलांचा फवारा छान पडला. मला आतून दिसत नव्हतं, पण ते "वा, वा" म्हणत होते. चौथ्याला म्हणाले, "हे ठिबकतंय का काय? परत फिरवा बरं." मी फिरवली. ठिबकतंय का ते पाहायला त्यांनी बोट खाली धरलं असणार. 'स्स' असा आवाज आला – त्यांच्या तोंडाचा.

"काय झालं, दाजी?"

"काही नाही. टोचलं काहीतरी. मामुली."

माझाच शब्द.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर तिळाएवढा ठिपका होता. रक्तही नाही. त्यांनी बोट चोखलं, थुंकले, चौथं नोझल खोलून साफ केलं आणि चारही बसवून टाकली. दुपारी बारापर्यंत गाडी सुरू झाली. धूर नव्हता. अक्काने गाडीला हळदकुंकू लावलं. दहा वर्षांची माधवी, त्यांची मुलगी, मागच्या सीटवर जाऊन बसली आणि उतरायलाच तयार नव्हती.

जेवण झाल्यावर मी पुस्तक आत ठेवायला उचललं, आणि ती चौकट वाचली. का वाचली? ठाऊक नाही. आठ ओळी वाचायला अर्धं मिनिट लागलं. फवाऱ्याचा जोर कातडी भेदून आत जाईल इतका असतो, असं लिहिलं होतं. हात दूर ठेवा. डिझेल आत गेलं तर जखम दिसायला किरकोळ दिसेल, तिच्यावर विसंबू नका. तासाभरातसुद्धा उशीर होऊ शकतो. ताबडतोब शल्यचिकित्सकाकडे जा आणि काय झालं ते त्याला सांगा.

आता ऐका. इथपर्यंत चूक होती. आळस म्हणा, गर्व म्हणा. माणसाच्या हातून होते. पुढचं वेगळं आहे.

मी पुस्तक मिटलं आणि कपाटात ठेवलं. दाजी ओसरीत पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेलो. "बोट कसं आहे?" असं विचारलं. "जरा ठणकतंय," म्हणाले. मी मान हलवली. एक वाक्य बोलायचं होतं – दाजी, मी वाचलं नव्हतं. हे वाक्य मी आत बसून, कादंबरी समोर धरून, किती वेळा जुळवलं. अक्का काय म्हणेल? दाजी माझ्याकडे कसं बघतील? आणि काहीच झालं नाही तर – उगाच? त्या ठिपक्याकडे पाहिलं की वाटायचं, काहीच होणार नाही. पुस्तकात लिहिलं होतं की असंच वाटेल.

सहाच्या सुमाराला बोट पांढरं पडलं आणि फुगलं. अक्काच्या आग्रहाने आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. काय टोचलं, त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, काहीतरी लागलं, तार असेल. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर असल्याचं दाजींनी आत शिरतानाच कौतुकाने सांगितलं होतं. "तुम्ही तिथे होतात ना? तारच होती?"

"हो," मी म्हणालो. "तार."

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला माहीत होतं आणि मी तार म्हणालो. त्या खोलीत वेळ अजून शिल्लक होता. मी तार म्हणालो, डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आणि आम्ही घरी आलो.

सोमवारी दाजींनी डाव्या हातावर भार देऊन गाडी माधापूरला नेली. गाडी पसंत पडली. एक तारखेपासून या, कंपनीवाले म्हणाले. ही बातमी सांगताना त्यांच्या अंगात ताप होता. मंगळवारी मोठ्या दवाखान्यात तिथल्या सर्जननी हात पाहिला आणि तेल, रंग, डिझेल – असलं काही जोरात आत गेलंय का, असं विचारलं. तेव्हा दाजींना फवारा आठवला. सर्जन म्हणाले, त्याच दिवशी कळायला हवं होतं. अक्का म्हणाली, "आम्हाला काय ठाऊक, साहेब? कुणाला ठाऊक असतं असलं?" मी तिच्या शेजारी उभा होतो.

पहिलं बोट आणि मधलं. पुढे पंजा कधी पुरता मिटला नाही. एक तारखेला गाडी अंगणातच होती, आणि दसऱ्याच्या आत ती विकली गेली. दाजी बेगम बाजारात एका मसाल्याच्या दुकानात बसू लागले. पुढची वीस वर्षं आणि वर काही. लहान मुलं हाताकडे टक लावून बघायची तेव्हा सांगायचे, "दोन अँबॅसॅडरने खाल्ली. भूक लागली होती बिचारीला." मी तिथे असलो तर माझ्याकडे बघून हसायचे – जुना साथीदार म्हणून.

दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी बसून मी ती कादंबरी संपवली. आणि त्याच आठवड्यात घरी कुणी नसताना चौकटीचं पान पुस्तकातून फाडून घेतलं. माधवी इंग्रजी शाळेत होती. आज ना उद्या तिला ते वाचता आलं असतं.

समासात काय लिहिलं होतं, याचा अंदाज मला होता. पण अंदाजच. दोन वर्षांनी मी दाजींना म्हणालो, मला उर्दू शिकवा. त्यांना इतकं बरं वाटलं. माधवीची जुनी पाटी घेऊन बसले, डाव्या हाताने अक्षरं काढायचे, वाकडी यायची, पुसून पुन्हा काढायचे. "मास्तरला शिकवतोय," असं दुकानात सांगितलं त्यांनी. अक्षरं ओळखीची झाल्यावर मी दार लावून ते पान काढलं. मीम, ऐन, मीम, वाव, लाम, ये. मामुली. त्यांच्या उजव्या हातचं. शेवटचं, असं नाही म्हणत. मला माहीत नाही.

पान फाटलेलं त्यांनी कधी पाहिलं का? पुस्तक शेवटपर्यंत त्यांच्या पेटीत होतं. कधी बोलले नाहीत. पाहिलं नसेल. किंवा.

तेराव्यानंतर माधवीने पेटी उघडली. आता ती माधापूरलाच नोकरीला आहे, तिथल्याच एका काचेच्या इमारतीत. पुस्तक चाळत म्हणाली, "मामा, बाबांचं हे बुक मी ठेवून घेते हां. पण ह्यातलं एक पेज गायब आहे नं – तुला काही आठवतं का?"

"जुनं पुस्तक आहे," मी म्हणालो. "निसटलं असेल कुठे."

"हाव, असेल," ती म्हणाली, आणि मुखपृष्ठावरचा तेलाचा डाग ओढणीने पुसू लागली.

पुस्तक तिच्याकडे आहे. पान माझ्याकडे आहे.