पाठ कोण चोळतं?

गेल्या आठवड्यात लातूरहून फोन आला, डॉक्टरकाका झोपेतच गेले. मी रडले, पण खरं सांगते, आधी हायसं वाटलं. ज्या माणसानं मला मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याला त्या दारात ताटकळावं लागलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्यांनी तिथं दवाखाना टाकला होता. मी त्यांच्याकडं गेले ती मात्र खूप नंतर, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात. मी नांदेडकडच्या लोहा गावात शिक्षिका. पोट नऊ महिन्यांचं असावं तसं फुगलेलं. यकृत कडक झालंय, फार दिवस नाहीत, असं दोन ठिकाणी सांगून झालं होतं. मुलगी तिसरीत होती. तिच्या वेण्या आता कोण घालणार, एवढाच विचार डोक्यात. “गावात थेंब न्हाई अन् हिच्या पोटात तळं,” असं आई म्हणायची आणि डोळे पुसायची.

काकांनी रिपोर्टांची थप्पी बाजूला सारून आईलाच विचारलं, “हिची पाठ कोण चोळतं?”

“मीच की. पर यंदा तांब्याभर पाण्यात कसली अंघोळ... निळ्या दोऱ्या उठल्यात बघा पाठीवर.”

मी आईला डोळ्यांनी दटावलं. ती हे आधीही सांगू पाहायची आणि शिकलेली मी तिला गप्प करायचे, पोटाच्या दुखण्यात पाठीचं काय म्हणून! आजवर सगळ्यांना मी पदर सारून फक्त पोट दाखवलं होतं.

काकांनी मला उजेडाकडं पाठ करून बसवलं. शिरेवर दोन बोटं दाबून रक्त सारलं आणि खालचं बोट उचललं. शीर खालून वर भरत गेली.

“यकृतातून हृदयाकडं जाणारी वाट तुंबलीय. रक्त आडवाटेनं चाललंय. ही वाट उघडता येती. मरत न्हाईस तू, बाई.”

रंगीत सोनोग्राफीत तेच निघालं. हैदराबादला शिरेतून फुगा घालून वाट मोकळी केली आणि महिन्याभरात पोट उतरलं. रक्त पातळ ठेवायची गोळी तेवढी जन्माची लागली. “आईपुढं तुझं डी.एड. कमी पडलं,” असं काका दर खेपेला चिडवत.

आईला त्यांनी काम लावून दिलं, रविवारी पाठ चोळायची आणि दोऱ्या पुन्हा उठल्यात का ते फोन करून सांगायचं. मुलगी अकरावीत गेली, वेण्या जाऊन केस आखूड झाले, पण आईचा फोन चुकला नाही. “सपाट हाय.” तिकडून उत्तर यायचं, “बेस हाय.”

काल रविवार होता. आईनं पाठ चोळली, हात पुसून मोबाइल उचलला... आणि तसाच खाली ठेवला. मग माझ्या ओल्या पाठीवर तळवा टेकवून म्हणाली, “डॉक्टर, सपाट हाय हो.”