भिंतीवरून उतरलेला व्हायोलिनवाला

ते प्रकरण आठवलं की आजही थकायला होतं. खून नाही, दरोडा नाही. भिंतीवरचं एक चित्र. मी तेव्हा कांदिवलीकडे एका पोलीस ठाण्यात होतो आणि निवृत्तीची वाट बघत होतो.

जुन्या गावठाणातलं मराठी ख्रिस्ती कुटुंब. घरात एकोणिसाव्या शतकातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं विलायती चित्र: गुत्त्यात एक म्हातारा व्हायोलिन वाजवतोय आणि भोवतीची माणसं पेले धरून ऐकतायत. बोटीवर नोकरीला असलेल्या वडिलांनी ते आणलेलं. आता घरात म्हातारी आई आणि मुलगा. मुलाने जाणकाराला फोटो दाखवला, चित्र मौल्यवान निघालं, आणि थोड्याच दिवसांत भिंत रिकामी! मुलाने संशय घेतला तो मोलकरणीवर. शेजारणीनेही टीप दिली, "मोठी पिशवी घेऊन जाताना मी स्वतः बघितलं ना."

मोलकरीण दिंडोशीच्या वस्तीतली, विधवा, मूळची जालन्याकडची. महिला शिपाई आणि पंच घेऊन आम्ही झडती घेतली. काही मिळालं नाही. गावठाणात बातमी आधीच पसरल्याने तिची बाकीची कामंही सुटली होती.

"पिशवीत काय होतं?" मी विचारलं.

"आंटीनं दिलेल्या जुन्या चादरी. विचारा ना तिलाच! अन् तो व्हायोलिनवाला नेऊन मी काय करू, साहेब? खिळा ठोकायला भिंत तरी हाय का मला?"

खोटं बोलणारे माझ्यासमोर बहुतेक शपथा घ्यायचे. ही सरळ भांडत होती. चित्र शेवटचं कधी पाहिलं विचारलं, तर म्हणाली, "मूर्ती यायच्या आदल्या दिवशी."

त्या महिन्यात मरियामातेची मूर्ती गावठाणात घरोघर फिरते. एकेका घरी मुक्काम, संध्याकाळी प्रार्थना, मग पुढचं घर. मी म्हातारीकडे, म्हणजे मोलकरणीच्या आंटीकडे, परत गेलो.

"मूर्ती कुठे ठेवली होती?"

"त्याच भिंतीला. त्या बेवड्याला आईच्या डोक्यावर कसा ठेवू? खाली उतरवला, मूर्तीच्या मागे टेकवला."

"आणि मूर्तीमागे लावतात ते निळं कापड?"

"लोंबत होतं रे सारखं. म्हणून फ्रेमलाच टाचलं..." तिने तोंडावर हात ठेवला. "देवा! मी विसरलेच. मूर्ती पुढच्या घरी नेताना पोरांनी सगळं तसंच उचललं."

मूर्ती आता चार गल्ल्या पलीकडे होती. प्रार्थना संपेपर्यंत आम्ही बूट काढून दाराशी थांबलो. कापड उचललं, तर मागे व्हायोलिनवाला आणि त्याचे श्रोते. इतके दिवस लोक त्यांच्यासमोर गुडघे टेकत होते.

पंचनामा झाला. मुलगा म्हणाला, "मिळालं ना साहेब, विषय संपला."

मी मोलकरणीला कळवलं. ती म्हणाली, "तुमची जीप माझ्या दारात आली ते वस्तीनं बघितलं. चित्र सापडलं ते कुणी बघितलं?"

हे मी म्हातारीला सांगितलं. मुलगा नको म्हणत असताना ती काठी घेऊन जीपमध्ये बसली. वस्तीत, भरदिवसा, सगळ्यांसमोर तिने सांगितलं, "हिने काही नेलं नाही. चूक माझी." मग हात धरून म्हणाली, "उद्यापासून ये गं."

"नाही आंटी. उद्या चमचा हरवला तरी तुम्ही माझ्याकडंच बघाल."

हरवलेला माल परत केला की आमची फाइल बंद व्हायची. मी त्या नोकरीत पुष्कळ माल परत केला. तिची गेलेली कामं मात्र मला कुठल्याच पंचनाम्यावर परत देता आली नाहीत.