आत्याच्या पेरणीची नाव

आमच्या घराण्यात कुणी समुद्र बघितला नव्हता, आणि मी अंगणात शिडाची नाव बांधायला काढली. गावाला हसायला एवढं पुरलं. मी मात्र छाती ठोकून सांगत होतो, "जो बैलगाडी करतो त्याला नाव काय अवघड? चाकं तेवढी लावायची न्हाईत. झालं!"

कारण आत्याचं होतं. माझ्या बापाची धाकटी बहीण, विधवा, मूलबाळ नाही. नव्या तलावात तिचं गाव बुडालं. रान तेवढं पलीकडच्या काठाला कोरडं राहिलं, आणि ती अलीकडं आमच्या घरी आली. वळसा घालून जावं तर मधला ओढा पावसाळाभर गाडी उतरू देत नाही. एक साल रान पड राहिलं. मग पलीकडंच राहणाऱ्या तिच्या दिराचा निरोप आला : यंदा हस्तात स्वतः येऊन पेरलंत तर तुमचं, नाहीतर मी पेरतो. त्याचं पीक एकदा उभं राहिलं की कूळ म्हणून त्याचंच नाव लागणार, हे सांगायला आत्याला वकील नको होता.

ती रडली नाही. मला म्हणाली, "तुजा हात लाकडाला लागतो न्हवं? मग बडबड बंद कर आन् मला पल्याड न्हे."

तलावाच्या कामावर कोकणातला एक मुकादम होता. जाण्याआधी त्यानं आमच्या भिंतीवर कोळशानं नाव काढून दिली. मागं एक लहान होडकंही काढलं. म्हणाला, पलीकडच्या काठाला पाण्याखाली बाभळीची खुंटं आहेत, मोठी नाव तिथं फाटेल, शेवटचा टप्पा होडक्यानं जा. भला माणूस. पण एक गोष्ट सांगायची राहिली त्याची, आणि मला ती न विचारता कळायला हवी होती.

फासळ्या बाभळीच्या केल्या. फळ्या आत्याच्याच दारच्या आंब्याच्या. झाड पाण्यात जायच्या आत तोडून आणलं होतं. शीड दुहेरी मांजरपाटाचं, आत्यानं हातानं शिवलं. मी चैत्र-वैशाखाच्या उन्हात फळीला फळी अशी भिडवली की नख जाणार नाही. गाडीत फट दिसली तर सुताराची अब्रू जाते! वर समाधान म्हणून जोडाजोडांत कापूस ठोकला. शेजारचे पिंजारी चाचा पिंजून देत होते. म्हणाले, "क्या रे, गादी भरतोस का नाव करतोस?"

"चाचा, तुमी कापूस द्या," मी म्हटलं, "थेंब आत आला तर मिशी काढीन." वरनं राळ आणि करडईचं तेल पाजलं.

भादव्यात तलाव भरला. आधी होडकं सोडलं. थेंब आला नाही. मी मिशीवरून हात फिरवत गावभर हिंडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर फळ्या फुगून एकमेकींना रेटतायत, दोन तर खिळ्यांसकट उपटून वर आलेल्या. होडकं तळाला.

मी कपाळावर हात मारला. अरे, आरे ढिले झाले की चाक पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगणारा माणूस! लाज वाटली, लई वाटली. पण अंगणातली मोठी नाव अजून कोरडी होती, आणि हस्ताला पंधरा दिवस होते. रंधा घेऊन मी माझेच सुरेख जोड मोकळे केले, कापूस अर्धा उपसला. होडकं पुन्हा बांधलं. मग दोन्हींत दगड घालून मुद्दाम तीन दिवस पाण्यात बुडवली. गाव म्हणालं, सुतार पार बिघडला. चौथ्या दिवशी दोन्ही उपसून काढली. जोड आपोआप मिटले होते.

हस्ताच्या तिसऱ्या दिवशी आत्या ज्वारीच्या बियाण्याचं गाठोडं मांडीवर घेऊन नावेत बसली. पोहता तिलाही येत नव्हतं, मलाही नाही. शीड उघडलं, वाऱ्यानं ते भरलं, आणि नाव अशी निघाली की मी काठ घट्ट धरला.

"बुडंल का रं?" आत्यानं विचारलं.

"छ्या! बसा गप."

खुंटांच्या अलीकडं नाव दगड टाकून थांबवली आणि मागं बांधलेल्या होडक्यात उतरलो. तेव्हा दिसलं, आत्याच्या रानात दीर तिफण जुंपून उभा. बियाण्याची पिशवी तिफणीला बांधलेली, त्याची. आत्याचं तोंड पांढरं पडलं. उशीर झाला असंच मलाही वाटलं. पण काळ्या रानावर पेरणीचं एकही तास ओढलेलं नव्हतं.

आत्या गुडघाभर पाण्यातच उतरली, पदर खोचला आणि सरळ तिफणीपाशी गेली.

"भावजी, बैल जुपून ठिवलेत, लई बरं केलंत. माझ्याकडं बैलच न्हवते."

तिनं दिराची पिशवी सोडून बांधावर ठेवली. आपलं बी ओटीत घेतलं आणि चाड्यावर, तिफणीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरली.

दीर एकदा शिडाकडं बघत होता, एकदा माझ्याकडं. "वैनी, पर..."

"हाका की! रानाची वल उडाया लागली."

पाण्याच्या काठाला मी आणि ओल्या लुगड्यात ती, एवढेच आम्ही. तो नाही म्हणाला असता तर आम्ही काय करणार होतो? पण त्यानं आसूड उचलला आणि बैल हाकले. दिवस मावळेपर्यंत आत्यानं चाड्यावरची मूठ कुणाला दिली नाही.