लालाइनाची लांबलचक माफी

लालाइना एरवी फारसा बोलत नसे. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. जेवताना मीठ हवं असलं तर तो मिठाकडे बघत बसे. मग मीच ते पुढे सरकवायचो. म्हणून त्या नोव्हेंबरात तो कॉलेजच्या विश्वस्तांपुढे बोलायला उभा राहिला, तेव्हा मी थक्क झालो. अजून पुरता सावरलेलो नाही.

तो मादागास्करमधल्या अंत्सिराबेचा. वडील तिथल्या चर्चमध्ये गाणं शिकवत. आमच्या मिनेसोटातल्या या छोट्या लुथरन कॉलेजात तो शेतीशास्त्र शिकायला आला. पहिल्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवायला तयार नव्हता. महिन्याभरानं त्याच तळ्याच्या बर्फाला भोक पाडून, गाणी म्हणत मासे धरत बसला होता. गावाला तो आवडला.

नाताळात आमचं वसतिगृह बंद असतं. परदेशी मुलांना गावातली कुटुंबं आपापल्या घरी नेतात. आदल्या वर्षी लालाइना ऑर्डेल ट्वेट आणि त्यांची बायको मार्लिसकाकू यांच्या शेतावर होता. त्यांनी त्याला तळघरातली उबदार खोली दिली, हातानं विणलेले मोजे दिले, आणि रोज बटाटे दिले. भाताशिवाय जेवण झालं असं लालाइना मानत नाही. काकूंनी एकदाच भात केला, नाताळच्या रात्री. दूध, साखर, दालचिनी घालून.

"भातात साखर," परत आल्यावर तो मला म्हणाला. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा.

"मग सांगायचं ना त्यांना!"

"त्या मला मुलगा म्हणतात, सोरेन. मुलगा आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो?"

त्या वर्षी त्याला एकच हवं होतं. वसतिगृहाचा स्वयंपाकघराचा मजला नाताळभर उघडा ठेवावा. म्हणजे परदेशी मुलं एकत्र राहतील, आपलं आपलं शिजवतील, आपल्या भाषांत गातील आणि भांडतील. त्यासाठी विश्वस्तांची परवानगी लागत होती. आणि विश्वस्तांत ऑर्डेलकाका होते. मागितलं तर ते दुखावणार. नाही मागितलं तर दाराला कुलूप. कित्येक दिवस तो या पेचात होता. शेवटी एका सकाळी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून मला म्हणाला, "चल."

विश्वस्तांच्या बैठकीत अध्यक्ष बेव्हर्ली रॉनिंगबाई म्हणाल्या, "बोल बाळा. थोडक्यात."

तो बोलू लागला. हा माणूस मला ठाऊकच नव्हता. आवाज चर्चच्या छताला लागेल असा. आपण इथे सगळ्यांत लहान, याबद्दल त्यानं माफी मागितली. मोठ्या झाडांच्या सावलीतल्या गवतानं खरं तर हलू नये, पण वारा आला, याबद्दल मागितली. हजर असलेल्यांची, नसलेल्यांची, कॉलेज बांधणाऱ्यांची, मार्लिसकाकूंच्या चुलीची मागितली. मग थांबला. वाट पाहू लागला.

आमच्या गावात कुणी मनापासून बोललं की माणसं खाली बघतात आणि गप्प बसतात. तो आमचा आदर. सगळे विश्वस्त आपापल्या कॉफीत बघत बसले.

"छान बोललास," रॉनिंगबाई म्हणाल्या. "पुढचा विषय, छताची गळती."

लालाइनाचा चेहरा उतरला. तो हळूच खाली बसला. ही शांतता म्हणजे नकार, असं त्याला वाटलं. त्यानं सांगितलेली त्याच्या बहिणीच्या सोयरिकीची गोष्ट मला आठवली. मागणी घालायला आलेल्यांनी आधी माफी मागितली, घरच्यांनी उठून ती दिली, मग कुठे मुलीचा विषय निघाला. सकाळ त्यातच गेली.

मी उभा राहिलो. "बाई, त्यानं अजून काही मागितलंच नाही."

"मग इतका वेळ काय करत होता?"

"बोलतो म्हणून माफी मागत होता. आता कुणीतरी उठून उत्तर द्यायचं असतं. त्याशिवाय त्याला पुढे बोलता येत नाही. त्यांच्याकडची रीत आहे."

"कुणी?"

"कुणीतरी वडीलधाऱ्यानं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग ऑर्डेलकाका उठले. या माणसानं लग्नाची मागणी नुसतं घराकडे बोट दाखवून घातली, असं गाव सांगतं.

"माफ करा," ते म्हणाले. "मला बोलता येत नाही. इथे माझ्याहून चांगलं बोलणारे बसलेत. आज त्यांची दातखीळ का बसली, देव जाणे." हशा पिकला. "आणि पोरा, तू काही गवत नाहीस. बोल."

याहून अस्सल उत्तर अंत्सिराबेतही मिळालं नसतं. लालाइना ताडकन उठला आणि दोन वाक्यांत मागून मोकळा झाला.

काका अजून उभेच होते. "तळघर गार होतं का?"

"नाही काका."

"मग मार्लिसचं काही चुकलं?"

"काकूंनी मला मुलगा म्हटलं. मुलगा मोठा झाला की आईबापाला जेवायला बोलावतो. तुम्ही दोघं नाताळला आमच्याकडे या. भात आम्ही करू."

"साखर घालून?"

लालाइना घुटमळला. "काका, आधी माफी मागतो—"

"नको नको! परत सुरू करू नकोस," काका म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. मग एकेक करून संमतीसाठी सगळ्यांचे हात वर गेले.

लालाइनाचे डोळे भरून आले. तो आभार मानायला उभा राहिला, शर्टाची कॉलर नीट केली, छाती भरून श्वास घेतला.

ऑर्डेलकाका माझ्याकडे झुकले. "यालाही उत्तर द्यावं लागतं?"

"लागतं."

काकांनी अंगातला कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ठाण मांडून बसले.