खिंडीपलीकडचं पाणी

नात रविवारी दुपारी घरी आली ती चिखलानं माखलेले बूट दाराबाहेर आपटतच. सोसायटीतली पोरंपोरी मिळून मागच्या डोंगरावर गेली होती. "आजी, आम्ही एक नवीन ट्रेल शोधून काढली," म्हणाली. कुठून चढलात, कुठे निघालात, मी विचारलं. तिनं मोबाइलवर एक निळी रेघ दाखवली. मी चष्मा लावून बघितलं आणि मला हसूच फुटलं. शोधून काढली म्हणे! अगं बये, त्या वाटेवरच्या दगडांना माझ्या टाचांच्या भेगा पाठ असतील.

ती आंघोळीला गेली आणि मी खिडकीशी बसून राहिले. आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो. खाणवाल्यांनी अर्धा खाल्लाय, उरलेल्या अर्ध्यावर मोबाइलचा टॉवर उभा आहे. पण डोळे जरा किलकिले केले की तो पुन्हा होता तेवढा होतो, आणि त्याच्या अंगावरच्या वाटा मला एकेक करून दिसायला लागतात. हल्ली दुपारी झोप लागते की मी डोंगरात जाते, मलाच कळत नाही.

बोनकोड्यात मी सून म्हणून आले तेव्हा नवी मुंबई हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पुढे खाडी, खाडीला लागून मिठागरं, मग भाताची शेतं, मग गाव, आणि गावाच्या पाठीशी डोंगर. माझं माहेर त्या डोंगरापलीकडे, रानात. लग्न झाल्यावर मला बैलगाडीतून डोंगराला वळसा घालून आणलं. मी सगळी वाट मान खाली घालून रडत होते, त्यामुळे काय दिसणार, कपाळ! एवढंच ठाऊक होतं की ह्या डोंगराच्या पाठीमागे माझी आई आहे.

सासरी पोचल्यावर सासूनं तांब्या पुढे केला. मी एक घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून बसले. खाडीकाठची विहीर ती, पाणी मचूळ. ना खारट, ना गोड. मी झऱ्याच्या पाण्यावर वाढलेली. सासू माझ्या तोंडाकडे बघत होती. "गीळ," म्हणाली. "व्हईल सवय." मी गिळलं आणि मनात तिला चांगल्या चार शिव्या हासडल्या.

आता रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सासुरवाशिणीला माहेरी जायचं तर माहेरून मुराळी यावा लागे, म्हणजे न्यायला येणारं घरचं माणूस, बहुतेक भाऊ. मला भाऊ नव्हता आणि वडील आधीच गेलेले. पहिल्या दिवाळीला चुलतभाऊ आला, मग तो गिरणीत लागला आणि तिकडचाच झाला. आणि आईनं माझ्याकडे यावं, तर मुलीला मूल होईस्तोवर तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही दुसरी रीत. डोंगर उतरून आलेल्या बाईनं दारात बसायचं आणि घशाला कोरड घेऊन परत चढायचं? मला मूल झालं ते फार फार उशिरा, आणि आई तोवर थांबली नाही. म्हणजे माझ्या घरचं पाणी तिनं कधी चाखायचंच नाही, असं जणू ठरूनच गेलं होतं.

पण माझी आई काही कमी नव्हती. पाठवणीच्या वेळी गळ्यात पडून रडता रडता तिनं कानात सांगितलं होतं, "अवसपुनवेला खिंडीत येत जा. तिथं कोनाचंच घर नाय."

नशीब बघा, अवसपुनवेला खाडीला उधाण येतं. उधाणाचं पाणी मिठागरात घ्यायचं म्हणून सगळं घर बांधावर जायचं. हे, सासू, सगळेच. मला चिखलात धड चालता यायचं नाही. एकदा मांडीपर्यंत रुतले तेव्हा दोघांनी ओढून काढलं, तेव्हापासून सासू म्हणायची, "ही डोंगरातली शेळी आपल्या कामाची नाय. जा, लाकडं आन." मला तर तेच हवं होतं.

पण इकडून खिंडीला वाट कुठली, हे विचारायचं कुणाला? विचारलं की बोभाटा. मग मीच एकेक वाट धरून बघायला लागले. पहिल्यांदा गुरांची वाट धरली. ती छान रुंद, पायाला धूळ मऊ लागायची, पण गुरांना काय खिंडीत जायचंय? करवंदीच्या जाळीत नेऊन तिनं मला सोडून दिलं. दुसऱ्या खेपेला कोरड्या ओढ्यातून चढले. ओढ्यात सावली इतकी दाट की हिरव्या पाण्याखालून चालल्यासारखं वाटायचं, आणि वर कड्याशी वाट एकदम संपली. तिथून वळून बघितलं तर सगळी खाडी खाली पडलेली, मिठागरांचे चौकोन उन्हात चमकताहेत आणि बांधावर माणसं तांदळाच्या कण्यांएवढी. त्यातली एक माझी सासू. मी तिला तिथून वाकुल्या दाखवल्या. कोण बघतंय!

त्या दोन्ही खेपांना आई वर वाट बघून परत गेली असणार, ह्या विचारानं मात्र उतरताना ऊर भरून यायचा.

तिसऱ्यांदा मोळीवाल्या बायकांची वाट धरली. पळस फुलला होता. सावरीची बोंडं फुटून कापूस हवेत तरंगत होता, खालीच पडत नव्हता. वर एके ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटले आणि मी थबकले. डावीकडच्या फाट्यावर एक हिरवी फांदी आडवी टाकलेली होती. आमच्या रानात पुढे गेलेलं माणूस मागून येणाऱ्यासाठी चुकीच्या वाटेवर अशी फांदी टाकतं. इकडे येऊ नको, एवढाच तिचा अर्थ. मी फांदी उचलून बघितली. कोयत्याचा घाव उलट्या अंगाचा होता. माझी आई डावखुरी. माझ्यासाठी ती खिंड ओलांडून इतकं खाली उतरून गेली होती. मी तिथेच खाली बसले आणि ती फांदी गालाला लावून हमसून हमसून रडले.

पुढच्या प्रत्येक फाट्यावर फांदी होती. खिंडीत आईनाचं एक मोठं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी आई बसली होती. मला बघून उठलीसुद्धा नाही. "किती वाट बघायची मानसानं?" म्हणाली, आणि मग आम्ही दोघी रडलो, हसलो आणि भाकरी खाल्ली.

त्यानंतर पावसाळ्याचे महिने सोडले तर अवसपुनव चुकली नाही. आई नाचणीची भाकरी आणायची, पळसाच्या पानात करवंदं आणायची, आणि भोपळ्याच्या तुंब्यात झऱ्याचं पाणी. मी तुंबा तोंडाला लावला की खाली ठेवायची नाही. आई नुसती बघत राहायची. मग हमखास विचारायची, "पानी कसं हाय गं तिथलं?" मी म्हणायचे, "गार आहे, आये." खोटं कुठे होतं त्यात? एकदा मी तिच्यासाठी घरून सुकटीची चटणी नेली. तिनं पुडी सोडली, डोळे मिटून वास घेतला, पुन्हा बांधली आणि माझ्या ओटीत टाकली. "तुज्या घरचं नको, बाय. तुला पोर होऊ दे, मग हांडीभर खाईन." तेव्हापासून मी रिकाम्या हातानं जायची.

खाऊन झालं की ती माझे केस सोडायची, विंचरायची आणि घट्ट वेणी घालायची. वारा खिंडीतून जायचा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला रान आणि रानातून वर येणारा आमच्या पाड्याचा निळसर धूर. मधेच तिचा हात थांबायचा, तिला डुलकी लागलेली असायची. मीही मग तशीच बसायचे. त्या झाडाखाली मी कुणाची सून नव्हते, कुणी मला मूल होत नाही म्हणून बघत नव्हतं. इतकं सुख पुढे मला कशातच मिळालं नाही, खरं सांगते.

उतरताना मी मुद्दाम वेगळ्या वाटेनं उतरायचे, म्हणजे डोंगर जरा जास्त वेळ पुरायचा. अशा सगळ्या वाटा पायाखालच्या झाल्या. एक वाट पावसानंतर नुसत्या तेरड्यानं भरायची, पाय कुठे ठेवावा कळायचं नाही. एक बांबूच्या बेटातून जायची आणि वारा आला की कुणीतरी कुजबुजतंय असं वाटायचं. मोळी मात्र उतरता उतरता घाईत बांधलेली असायची, अर्धी ओली. सासू म्हणायची, "लाकडं आनायला गेलतीस का डोंगर आनायला?" मी आपली चूल फुंकत बसायचे.

अशी वर्षं गेली. मग एका पुनवेला खिंडीत आई नव्हती. फाट्यावर ताजी फांदी नव्हती, जुन्याच पडलेल्या, वाळून तांबड्या झालेल्या. ऊन कलेपर्यंत बसले. पुढच्या अवसेलाही नाही. काही कळायला मार्ग नाही, आणि खिंड ओलांडून खाली उतरावं तर मुराळ्याशिवाय माहेरच्या दारात उभी राहिलेली पोर म्हणजे सासरनं हाकललेली, असं सगळा पाडा म्हणणार. आईला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्या दिवशी मी घरी आले आणि मोळी टाकून तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूनं विहिरीवरून तांब्या भरून आणला, तोंडाला पान बांधलं आणि लुगड्याचा काचा मारला. "चल," म्हणाली.

"कुठं, आत्याबाई?"

"तुज्या आयशीकडं. काल धरून दोनदा झालं, तू बिनवेनीची घरी आलीस."

मी गार पडले. ती खेकसली, "बघतेस काय? लाकडं तोडायला गेलेली बाई दर वेळंला वेनी घालून परत येते. आमाला काय डोलं नायत?"

"पण मुराळी..."

"मुराली म्हंजे कोन? पोरीला म्हायेरी पोचवनारा. मंग मी हाय ना!"

ही बाई मिठागराच्या निसरड्या बांधावर डोक्यावर पाटी घेऊन पळायची, पण दगडाच्या वाटेवर तिची पार गाळण उडाली. एका हातानं माझा दंड धरलेला, दुसऱ्या हातात तांब्या. "हा डोंगर कोनी मेल्यानं इथं आनून ठेवला?" म्हणत दर वळणावर बसायची. मला तहान लागली. मी तांब्याकडे हात केला तर तिनं त्यावर फटकन मारलं. "हात नको लावू. तुज्यासाठी नाय." मला असा संताप आला! म्हटलं, डोंगरातलं पाणी हिला बाधेल म्हणून स्वतःपुरतं घेऊन निघालीय.

खिंड उतरल्यावर झरा लागला. मी वाकून प्यायले. तीही प्यायली, ओंजळीनं, तांब्या बाजूला ठेवून. मग बराच वेळ ती पाण्याकडे बघत राहिली. "हे पानी पिऊन वाडलीस तू," एवढंच म्हणाली. पुढे घर येईस्तोवर तिनं डोंगराला एक शिवी घातली नाही.

आई ओट्यावर बसली होती. गुडघा सुजून भोपळ्याएवढा, त्यावर निर्गुडीचा पाला बांधलेला. आम्हाला बघून तिची नुसती त्रेधा उडाली, पदर सावरू की उठू.

"बसा, विहीनबाई," सासू म्हणाली. "मुराली आलाय तुमच्या लेकीला घेऊन." आणि तिनं तांब्याचं पान सोडलं. "आमच्या हिरीचं पानी हाय. वंजल करा."

आई मागे सरकली. हात जोडले. "नको. लेकीच्या घरचं..."

"लेकीचं घर डोंगराच्या त्या अंगाला ऱ्हायलं. हे तुमचं घर. आनि पानी पोरीनं नाय आनलं, मी आनलंय, माज्या हातानं. डोंगर चडून मेले मी. परत नेऊ?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच ओंजळ पुढे केली. सासूनं धार धरली. आईनं एक घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरला. मला ठाऊक होतं तिच्या तोंडात काय आलं असेल ते. मी ओट्याच्या सारवणाकडे बघत उभी राहिले.

तिनं गिळलं. "गार हाय म्हनायचीस," ती म्हणाली.

"गारच आहे की, आये."

आईचे डोळे भरले होते, ते पुसायला हात मोकळे नव्हते, ओंजळ तशीच धरलेली.

"आनखी घाला, विहीनबाई," ती म्हणाली. "सगलं घाला. माजी पोर रोज पिते."