कालचं पाणी

काकांना पाण्याचा ग्लास दिला की ते आधी वास घ्यायचे. कुणाच्याही घरी असोत. "आज पावडर जास्त मारलीये," असं जाहीर करून मगच प्यायचे. घरच्या बाईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. असा एखादा नमुना तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो माझ्या समोरच्याच दारात राहायचा.

त्या नाकाला कारण होतं. त्यांच्या वन-रूम-किचनमध्ये अख्खी भिंत अडवून आठ फुटांची माशांची टाकी होती. काका स्टीलच्या गाळ्यात भांडी पॉलिश करायचे. काळे झालेले हात टाकीत घालण्याआधी तीनदा धुवायचे, तेही साबणाशिवाय. गॅलरीत दोन निळी पिंपं होती. नळाचं पाणी त्यांत दोन दिवस उघडं ठेवायचं, जंतू मारायला घातलेली पावडर उडून गेली की वापरायचं. दर रविवारी टाकीतलं चौथा हिस्सा पाणी नळीने काढायचं आणि तेवढंच पिंपातलं घालायचं. आम्ही अर्ध्या बादलीत अंघोळ उरकणारे लोक. मी चिडवायचो, "काका, एकदाच सगळं बदलून टाका की!"

"पाणी बसू दे रे. घाई केली की मरतात," ते म्हणायचे.

ही चैन नव्हती. काकूंना अर्धांगवायू झाला होता, वाचा गेली होती. त्यांची खाट टाकीसमोर होती. दिवसभर घरात हलणारं असं तेवढंच. संध्याकाळी काका दारातूनच विचारायचे, "सगळे आहेत ना?" काकू डोळे मिटून हो म्हणायच्या. मग काका चपला काढायचे.

एका सकाळी काकू गेल्या. पुरुष मंडळी स्मशानात गेली. घर धुऊन घ्यायला चार बायका आणि मी मागे राहिलो; त्या गर्दीत काकांच्या ते लक्षातही आलं नसावं. मयत उचललं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकायचं, ही आपली रीत. हंडे-कळशा रिकाम्या झाल्या, पिंपंही मी उपडी केली. टाकीकडे वळलो तेव्हा तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "माशांचं राहू दे हो. मुका जीव तो."

मी ऐकलं नाही. काका परत येतील तेव्हा त्यांना सगळं लख्ख दिसावं, असं मला वाटलं. नळी लावून पाणी काढलं, काचा घासल्या. नुकताच टँकर येऊन गेला होता, नळाला धो धो पाणी होतं. टाकी काठोकाठ भरली. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

काका ओल्या कपड्यांनी परत आले आणि टाकीसमोर उभे राहिले. मासे उलटे होऊन वर तरंगत होते. एकच तेवढा तोंड उघडमीट करत होता. त्यांनी रिकामी बादली उचलली आणि बाहेर पडले.

चारही मजले फिरले. सुतकातला माणूस, प्रत्येक उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारत होता, "कालचं पाणी आहे का थोडं?" एका भाभींनी तांब्याचा हंडा पुढे केला. "तांबे का नहीं चलेगा, भाभी, मछली मर जाती है," ते म्हणाले. शेवटी कुणाच्या तरी मोरीतलं अर्धी बादली पाणी मिळालं. त्यात तो मासा संध्याकाळपर्यंत जगला. काका बादलीपाशी बसून होते.

तेराव्यानंतर ते रत्नागिरीला भावाकडे जायला निघाले. पुढे तिकडेच वारले, त्यामुळे ही आमची शेवटची भेट. किल्ली माझ्याकडे ठेवायला आले होते.

"टाकी कोणी रिकामी केली रे?"

"बायकांनी," मी म्हणालो. "रीत म्हणून."

त्या वाक्याची लाज मला अजून वाटते. त्यांनी मान हलवली.

"त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. तू तिथे असतास तर थांबवलं असतंस."

मी हो म्हणालो.