मागच्या रांगेतली हाक

कार्यक्रम संपला की अर्धा तास वायरी गुंडाळायच्या असतात, आणि वायरी गुंडाळताना गप्प बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आम्हा साउंडवाल्यांकडे किस्से साठतात ते असे. पण गेल्या वर्षभरातले आमचे सगळे किस्से एकाच वस्तूचे आहेत. वैशालीताईंचा डबा!

वैशालीताई आमच्या मालकीणबाई. इंजिनिअरची चांगली नोकरी सोडून तीन वर्षं खपून त्यांनी हा डबा बनवला. त्याचा माइक हॉलमधला गोंगाट ऐकतो. गोंगाट वाढला की डबा स्पीकरचा आवाज आपोआप वाढवतो, शांत झालं की कमी करतो. बटणाला कुणी हात लावायचा नाही. मी वीस वर्षं बटणालाच हात लावत आलोय, त्यामुळे माझं त्याच्याशी पहिल्या दिवसापासून वाकडं.

*

पहिला प्रयोग वाघोलीच्या एका लग्नात. सनई लावली. पाहुणे गप्पा मारायला लागले, डब्याने सनई वाढवली. एकमेकांचं ऐकू येईना म्हणून पाहुणे मोठ्याने बोलायला लागले, डब्याने आणखी वाढवली. दहा मिनिटांत सगळा मांडव ओरडत होता.

मुलीचे वडील शांतपणे ताईंजवळ आले. "ताई, तुमचं मशीन पाव्हण्यांशी भांडतंय. पंगत बसायच्या आत मिटवा."

आवाज किती वाढू द्यायचा याची हद्द ताईंनी त्याच आठवड्यात ठरवली.

*

मग कोथरूडचा योगवर्ग. शवासन चालू. हॉल शांत, म्हणून डब्याने शिकवणाऱ्या बाईंचा आवाज कमी कमी करत पार तळाला नेला. "आता हळूच उठून बसा," असं बाई चार वेळा म्हणाल्या, पण ते दुसऱ्या सतरंजीपर्यंतही पोचलं नाही. माणसं पाऊण तास आडवी!

ताई माफी मागायला गेल्या, तर एक आजोबा म्हणाले, "माफीचं राहू द्या. सेटिंग तेवढं बदलू नका."

ताईंनी बदललं.

*

खरी परीक्षा कसबा पेठेत झाली. तिथल्या सभागृहात दरवर्षी तीन दिवसांची व्याख्यानमाला असते, आणि शेवटच्या रांगेत बापटसर असतात. गणिताचे निवृत्त शिक्षक; आवाज मागपर्यंत पोचतो की नाही हे तपासायला मुद्दाम तिथे बसणारे. वक्त्याचा नमस्कार पुरा व्हायच्या आत मागून हाक येते, "आवाज!" त्या हाकेवर मी कैक वर्षं बटण फिरवलंय.

व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्या ताईंना म्हणाले, "तीन दिवसांत बापटसर एकदा जरी ओरडले, तर आपण हा डबा घरी न्यायचा. पुन्हा आणायचा नाही."

बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "इथे नापास झाला, तर मी परत नोकरी बघते." त्या दिवशी मी पहिल्यांदा डब्याच्या बाजूने झालो.

*

पहिल्या दिवशी डब्याच्या माइकशेजारीच एक गृहस्थ घोरायला लागले. डब्याने इमानाने वक्त्याचा आवाज वाढवला. गृहस्थ जागे झाले आणि म्हणाले, "ऐकू येतंय मला. ओरडू नका."

मागची रांग गप्प होती.

*

दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी स्वतःच परीक्षा घेतली. भर व्याख्यानात सगळे खडखडे पंखे लावले. आवाज वाढला. बंद केले, आवाज उतरला. पुन्हा लावले. तिसऱ्या वेळी एक आजी म्हणाल्या, "अहो, वारा द्या नाहीतर व्याख्यान द्या. एक काय ते ठरवा."

मागची रांग गप्पच.

*

तिसऱ्या दिवशीच्या वक्त्या पंचाहत्तरीच्या, आवाज अगदी नाजूक. बोलणं रंगात आलं आणि खिडकीखालून वरात आली, बँडसकट. बापटसर उठून उभे राहिले. माझा हात सवयीने बटणाकडे गेला. ताईंनी तो घट्ट धरला.

डब्याने बाईंचा आवाज उचलला. वरात पुढे सरकली तसा अलगद खाली आणला. बाईंना पत्ताही नव्हता, त्यांचं एक वाक्य तुटलं नाही. बापटसर कानामागे हात धरून उभेच होते. मग खाली बसले.

व्याख्यान संपल्यावर ते काठी टेकत पुढे आले. डब्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, पण बोलले चिटणिसांशी.

"पुढच्या वर्षी माझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवा."